अचल चुंबक

आमच्या या जुन्या नगराचें नांव अचलपूर. अचल म्हणजे जें हलत नाहीं तें. गाविलगडाच्या पायथ्याशीं वसलेल्या या नगरानें इमादशाहीचें वैभव पाहिलें, निजामाचा अंमल पाहिला, इंग्रजांची छावणी पाहिली. मूर्तिजापुराहून रमतगमत येणारी शकुंतला आगगाडी पाहिली आणि ती बंद पडलेलीहि पाहिली. राज्यें आलीं आणि गेलीं, नगर मात्र आपल्या जागीं राहिलें. नांवाच्या या अर्थाकडे आम्हीं वयाची पन्नाशी उलटेपर्यंत कधीं लक्ष दिलें नव्हतें. तें लक्ष एका यंत्रानें वेधलें. त्या यंत्राची हकीकत यंदाच्या अंकांतून आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गेल्या आश्विन महिन्यांतील गोष्ट. आमच्या मातुःश्री ऐंशीच्या घरांत आहेत. सायंकाळीं ओसरीवर बसून घरच्या कापसाच्या वाती वळणें हा त्यांचा आयुष्यभराचा परिपाठ. त्या दिवशीं वात वळतां वळतां त्यांचा उजवा हात थांबला. बोटें जागच्या जागीं आहेत, परंतु सांगितलेलें ऐकत नाहींत, असा प्रकार. कित्येक दिवस डोकें दुखत होतें, तें त्यांनीं कोणास कळूं दिलें नव्हतें. परतवाड्याच्या डॉक्टरांनीं डोळे पाहिले, गुडघे ठोकून पाहिले, आणि गंभीर होऊन म्हणाले, "मास्तर, मेंदूचा एम. आर. आय. करून घ्या. उशीर नको."

दुसरे दिवशीं पहांटे आसेगांव, वलगांव मागें टाकीत आम्ही अमरावतीस पोंचलों. तेथील एका केंद्रांत गेलों तों दारावर पाटी : यंत्र बंद आहे. आंत एक तरुण कर्मचारी होता. तो मोठ्या अदबीनें म्हणाला, "आजी, यंत्र मोडलं नाही. त्याची थंडी उडून गेली आहे. आता नवी थंडी भरावी लागेल, मग चुंबक पुन्हा जागा होईल. दोन आठवडे तरी लागतील."

मातुःश्रींनीं कपाळास हात लाविला. "थंडी उडाली त दुकान बंद काहून?" त्या म्हणाल्या.

तो तरुण हंसला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. दोन आठवडे थांबणें शक्य नव्हतें. त्याच रात्रीं नागपूर गांठलें. तेथें दुसरे दिवशीं मातुःश्रींस त्या पांढऱ्या बोगद्यांत निजविलें. आम्ही कांचेपलीकडे उभे होतों. अर्धा तास आंतून ठक् ठक्, खड् खड्, जणूं कोणी लोहार ऐरणीवर घण घालीत आहे, असा आवाज चालला होता. बाहेर आल्यावर मातुःश्रींनीं पहिला प्रश्न केला तो आपल्या आजाराविषयीं नव्हता. त्या म्हणाल्या, "काहून रे बाबू, एवढं थंडगार यंत्र, अन् आतून एवढा राग कायचा आला व्हता त्याले?"

पंचवीस वर्षें या शाळेंत विज्ञान शिकविलें, आणि या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें! थंडीचा आणि चुंबकाचा संबंध काय? ती उडाली म्हणजे चुंबक कां निजतो? त्या दिवशीं वाटलेली लाज आम्हीं पदरांत बांधून आणिली, पुस्तकें उघडलीं, ठाऊक असणारांस विचारिलें, आणि जें कळलें तें येथें मांडीत आहों.

आमच्या प्रयोगशाळेंत नववीचीं मुलें दरवर्षीं एक प्रयोग करितात. लोखंडी खिळ्याभोंवतीं तांब्याची तार गुंडाळावयाची, तींतून वीज सोडावयाची, म्हणजे खिळा टांचण्या उचलूं लागतो. चार मिनिटांनीं तार तापते, घट उतरतो, आणि टांचण्या गळून पडतात. या लहानशा प्रयोगांत त्या मोठ्या यंत्राचें सारें दुखणें सांठविलेलें आहे. तार विजेस अडविते. त्या अडवणुकीची उष्णता होते. अधिक बलाढ्य चुंबक हवा तर अधिक वीज सोडावी लागते, आणि अधिक वीज म्हणजे अधिक उष्णता.

मेंदूचें चित्र घेण्यास चुंबक तर फारच बलाढ्य लागतो. आपल्या शरीरांत पाणी आहे, पाण्यांत हायड्रोजन आहे, आणि हायड्रोजनच्या प्रत्येक अणूचा गाभा हा एक अतिसूक्ष्म चुंबक आहे. एरवीं हे चुंबक बाजारांतल्या गर्दीप्रमाणें वाटेल तिकडे तोंडें करून असतात. बाहेरून मोठें चुंबकक्षेत्र लाविलें म्हणजे त्यांच्यांत थोडीशी शिस्त येते. रुग्णालयांतील नेहमींच्या यंत्राचें क्षेत्र दीड टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या स्वतःच्या चुंबकक्षेत्राच्या तीस हजार पटींहून अधिक असतें; तरीहि दर दहा लक्ष गाभ्यांमागें अवघे पांचच काय ते क्षेत्राच्या दिशेनें अधिक भरतात. त्यांस सेकंदास सुमारें ६ कोटी ४० लक्ष कंपनांच्या रेडिओलहरीनें हालवून सोडिलें म्हणजे ते त्याच कंपनसंख्येनें मंदसें उत्तर देतात. त्या उत्तरांवरून गणितानें चित्र बनतें. आमच्या शाळेच्या प्रार्थनेंत एलीया संदेष्ट्याची कथा मुलांनीं ऐकलेली आहे. वारा, भूकंप व अग्नि हे सारे होऊन गेल्यावर जी मृदु वाणी त्यास ऐकूं आली, तिचें आम्हांस येथें स्मरण झालें. दहा लाखांतल्या पांचांचें कुजबुजणें ऐकावयाचें, तर भोंवतालचें क्षेत्र किती बलवान आणि किती निश्चल असावयास हवें, याची वाचकांनींच कल्पना करावी.

आतां थंडीची कथा. कोंकणांत विजयदुर्ग किल्ल्यावर कांहीं चौथरे आहेत. त्यांस लोक 'साहेबाचे ओटे' म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं खग्रास सूर्यग्रहण झालें आणि चंद्राची सावली कोंकण किनाऱ्यावरून विजापूर, गुंटूर अशी पूर्वेकडे गेली. गुंटूर येथें झांसेन या फ्रेंच ज्योतिषानें सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्याच सालच्या ऑक्टोबरांत लॉकियर यांनीं इंग्लंडांत राहून, ग्रहण नसतांनाच, तसा वर्णपट मिळविला; आणि त्यांतली एक पिवळी रेषा कोणत्याहि परिचित मूलद्रव्याची नाहीं असें पुढें ठरलें. सूर्याच्या ग्रीक नांवावरून त्या नव्या द्रव्यास हीलियम म्हणूं लागले. विजयदुर्गावर अद्यापि दरवर्षीं १८ ऑगस्टला हीलियम दिन साजरा होतो. पृथ्वीवर हा वायु हातीं लागला तो १८९५ सालीं, रॅमसे यांच्या.

सूर्यांत सांपडलेल्या या वायूनें पुढें थंडीची परमावधि गांठून दिली, हा सृष्टीचा मोठाच विनोद म्हणावयाचा! हॉलंडांतील लायडन येथें कामरलिंग ओनेस यांनीं १० जुलै १९०८ रोजीं हीलियमचा द्रव केला. तो उणें २६९ अंशांवर उकळतो. बर्फाची थंडी त्यापुढें वैशाखाचें ऊनच समजावें. १९११ सालीं त्याच द्रवांत पारा बुडवून पाहतां ओनेस यांस असें दिसलें कीं, पाऱ्याचा विजेस होणारा अडथळा एकाएकीं नाहींसा झाला. कमी झाला असें नव्हे, मोजतां येईना असा नाहींसा झाला. यास अतिसंवाहकता म्हणतात. अडथळा नाहीं तेथें उष्णता नाहीं, आणि उष्णता नाहीं तेथें वाटेल तेवढी वीज सोडून वाटेल तेवढा चुंबक करूं, असें ओनेस यांस साहजिकच वाटलें. पण शिसें व कथील यांच्या तारांनीं त्यांचा हिरमोड केला. थोडेंसें चुंबकक्षेत्र वाढतांच त्यांची अतिसंवाहकता मावळे. म्हणजे चुंबकच चुंबकाचा वैरी! ही अडचण सुटावयास जवळजवळ पन्नास वर्षें लागलीं. १९६१ सालीं नायोबियम व कथील यांचें मिश्रण मोठ्या क्षेत्रांतहि टिकतें असें दिसून आलें, आणि थोड्याच काळांत नायोबियम व टिटॅनियम यांच्या लवचिक तारा तयार होऊं लागल्या. १९७३ सालीं लॉटरबर यांनीं चुंबकाच्या साह्यानें चित्र काढण्याची रीति प्रसिद्ध केली. त्यांस व मॅन्सफील्ड यांस २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तार, थंडी आणि रीति अशा तीन वाटा एकत्र आल्या तेव्हां कोठें मातुःश्रींच्या त्या बोगद्याची सिद्धता झाली.

तथापि तार मिळाली म्हणून चुंबक होत नाहीं. खरी विद्या यापुढेंच आहे, आणि ती चुंबकाची आंखणी करणाराची आहे.

पहिली गोष्ट समतेची. दिवाळींत अंगणाच्या मध्यावर एकच पणती ठेविली तर तिच्याजवळ लख्ख उजेड आणि कोपऱ्यांत अंधार. दोन बाजूंस दोन ठेविल्या तर मधला भाग बराच सारखा उजळतो. सहा किंवा आठ पणत्या, कोणती मोठी, कोणती लहान, नेमक्या अंतरावर मांडिल्या, तर मधल्या चौकांत कोठेंहि उजेडांत फरक म्हणून दिसणार नाहीं. चुंबकाच्या आंखणींतहि असेंच करितात. एकाच लांब वेटोळ्याऐवजीं अनेक वेटोळीं घेतात. प्रत्येकाची जागा, रुंदी आणि फेरे यांचें गणित असें बसवितात कीं एकाची चूक दुसऱ्यानें भरून निघावी. मध्यभागीं सुमारें अर्ध्या मीटर व्यासाच्या गोलांत क्षेत्रांतला फरक दर दहा लक्ष भागांत थोड्याच भागांचा चालतो. त्याहून अधिक झाला तर चित्र वांकडें येतें. सरळ नाकाची मनुष्यमूर्ति जत्रेंतल्या आरशांतल्यासारखी दिसूं लागते. वेटोळें एक मिलिमीटर सरकलें तरी हें गणित बिघडतें. म्हणून यंत्र बसविल्यावर पुन्हां सारें क्षेत्र मोजून, लोखंडाच्या पातळ पट्ट्या जागोजाग लावून, उरलेली उणीव भरून काढितात. यांशिवाय बाहेरच्या बाजूस उलट दिशेच्या विजेचीं वेटोळीं असतात; त्यांच्या योगानें चुंबकाचें बळ खोलीबाहेर फारसें पसरत नाहीं.

दुसरी गोष्ट अचलतेची. आणि येथेंच आम्हांस आमच्या नगराचें नांव आठवलें. क्षेत्र बलाढ्य असलें म्हणजे तें आपल्याच तारांना ढकलूं लागतें. दीड टेस्लाच्या क्षेत्राचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारें नऊ पट होतो. अशा दाबाखालीं एखादी तार केंसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतकी जरी सरकली, तरी घर्षणानें किंचित् ऊब निर्माण होते. आपल्या घरांत तेवढी ऊब मुंगीलाहि जाणवणार नाहीं. परंतु त्या भयंकर थंडींत धातूची उष्णता पोटांत घेण्याची शक्ति हजारों पटींनीं घटलेली असते. एवढीशी ऊब तारेच्या एका ठिपक्यास अतिसंवाहकतेच्या बाहेर काढते. तेथें अडथळा उत्पन्न होतो, अडथळ्यानें उष्णता वाढते, ती शेजारच्या फेऱ्यास तापविते, आणि कांहीं क्षणांत सारें वेटोळें जागें होतें. चुंबकांत सांठविलेली शक्ति भरलेली मालमोटार दहा मजले उचलण्याएवढी असते. ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. हीलियम उकळतो, एका लिटर द्रवाचा सातशें लिटरांहून अधिक वायु होतो, आणि नळीवाटे आकाशांत निघून जातो. या प्रकारास क्वेंच म्हणतात. अमरावतीच्या त्या तरुणाची 'थंडी उडाली' ती अशी.

म्हणून आंखणी करणाराचें अर्धें लक्ष बळाकडे, तर अर्धें लक्ष हलूं न देण्याकडे असतें. तार कोठें ढिली नको, कोठें अति ताणलेली नको. आमच्या वऱ्हाडांत ज्यांनीं हातमागासाठीं सुताच्या कांड्या भरणारी स्त्री पाहिली आहे त्यांस हें चटकन उमजेल. तिचा एक फेरा दुसऱ्यावर चढत नाहीं, तिच्या सुताचा ताण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच राहतो. चुंबकाची तारहि अशीच मैलोगणती गुंडाळितात आणि मधल्या फटींत राळेसारखा द्रव भरून तो घट्ट होऊं देतात, म्हणजे फेऱ्यास हलण्यास जागाच उरत नाहीं. त्यांतूनहि एखादा ठिपका तापलाच, तर वीज घटकाभर बाजूनें जावी म्हणून अतिसंवाहक तंतूंभोंवतीं तांब्याचें आवरण ठेवितात. चूक होणारच नाहीं असें गृहीत न धरितां, झालीच तर ती कशी सांवरावी याचीहि तजवीज आधींच केलेली असते.

तारेचे सांधेहि अतिसंवाहकच करावे लागतात. ते साधले म्हणजे एक नवल घडतें. वीज भरून झाल्यावर वेटोळ्याचीं दोन टोकें अतिसंवाहक तुकड्यानें जोडून देतात आणि वीज पुरविणारें यंत्र काढून घेतात. आंतली वीज वर्षानुवर्षें आपली आपण फिरत राहते. तासाभरांत तिचा एक कोटीवा भागहि कमी होत नाहीं. गांवांतले दिवे गेले तरी चुंबक चुंबकच राहतो. याच कारणास्तव त्या खोलींत लोखंडी वस्तु केव्हांहि नेऊं नये, आणि हृदयास यंत्र बसविलेलें असल्यास, किंवा अंगांत धातूचा तुकडा असल्यास, तें डॉक्टरांस आधीं सांगावें. हें पालकांनीं विशेष ध्यानांत ठेवावें.

मग मातुःश्रींनीं ऐकलेला तो राग कोणाचा? तो या मोठ्या चुंबकाचा नव्हेच. तो तर अगदीं मौन असतो. बोगद्याच्या आंतल्या अंगास साध्या तांब्याचीं निराळीं वेटोळीं असतात. मेंदूचा कोणता भाग उत्तर देत आहे हें ओळखतां यावें म्हणून त्यांतील वीज सेकंदांत कित्येकदां चालू-बंद करितात. मोठ्या क्षेत्रांत तीं वेटोळीं प्रत्येक वेळीं दचकतात, आणि ठक् ठक् असा आवाज होतो. धडपड होते ती लहानांची. मोठा अबोल उभा असतो.

अशा कामास किती धीर लागतो याचें उदाहरण फ्रान्सांत आहे. पॅरिसजवळ साक्ले येथें केवळ मेंदूच्या अभ्यासाकरितां ११.७ टेस्लाचा चुंबक उभारिला आहे. त्याचें वजन १३२ टन, लांबी व रुंदी पांच पांच मीटर, आंत नायोबियम-टिटॅनियमची १८२ किलोमीटर तार, आणि ती उणें २७१ अंशांवर ठेवण्यास साडेसात हजार लिटर द्रव हीलियम. कामास आरंभ झाल्यापासून जवळजवळ वीस वर्षांनीं, २०२४ सालीं, त्यानें मनुष्याच्या मेंदूचीं पहिलीं चित्रें दाखविलीं. वीस वर्षें एकाच वेटोळ्याचा ध्यास! आमचे विद्यार्थी एका उदाहरणाचें उत्तर पांच मिनिटांत आलें नाहीं तर मागचें पान उघडतात, हें येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

आपला देश या बाबतींत परावलंबी होता व बराचसा अद्यापि आहे. यंत्रें परदेशांतून येतात, हीलियमहि परदेशांतून येतो. तथापि मुंबईची समीर ही संस्था आणि नवी दिल्लीचें इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर यांनीं दीड टेस्लाचें यंत्र व त्याचा अतिसंवाहक चुंबक देशांतच घडविण्याचें काम हातीं घेतलें आहे. बंगळूरच्या व्होक्सेलग्रिड्स या मंडळीनें द्रव हीलियमच्या हौदावांचून चालणारें दीड टेस्लाचें यंत्र बनविलें, आणि तें २०२५ सालीं आपल्याच विदर्भांत, चंद्रपूर येथील कर्करोग रुग्णालयांत बसलें. ही वार्ता वाचली तेव्हां आम्हांस अमरावतीची ती बंद पाटी आठवली. थंडी उडून जाण्याचें भय जितकें कमी, तितकें तें यंत्र लहान गांवांच्या जवळ येईल. त्या एका रात्रीचा नागपूरचा प्रवास, मांडीवर मातुःश्रींचें डोकें आणि मनांत नाना शंका, हा ज्यांनीं अनुभविला त्यांस या सुधारणेचें मोल आंकड्यांनीं सांगावें लागत नाहीं.

मातुःश्रींच्या चित्रांत मेंदूच्या आवरणाशीं सुपारीएवढी एक गांठ दिसली. तिची कड इतकी स्पष्ट होती कीं कोठें मेंदू संपतो आणि कोठें गांठ सुरू होते हें आम्हां अडाण्यांसहि बोटानें दाखवितां आलें असतें. शस्त्रक्रियेनें ती काढिली; गांठ निरुपद्रवी निघाली. उजव्या हाताची शक्ति पूर्ववत् आली नाहीं, निम्मी आली. तरी त्या आतां पुन्हां ओसरीवर बसतात. पूर्वीं घटकेंत शंभर वाती होत, आतां पंचवीस होतात, परंतु एकहि ढिली नसते.

परवां आम्हीं त्यांस त्या रागाचें उत्तर समजावून सांगितलें. मोठा चुंबक अगदीं गप्प असतो, न हलणें हेंच त्याचें काम, असें आम्ही म्हणालों. त्यांनीं हातांतली वात पूर्ण केली, तबकांत ठेविली, आणि म्हणाल्या, "मंग त्याचं नाव अचलपूरच ठेवाले पाहिजे व्हतं."

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांपैकीं कोणी पुढें अशा चुंबकाची आंखणी करील अशी आमची उमेद आहे. त्यास लागणारी सामग्री या शाळेंतच आहे : खिळा, तार, गणिताचें पुस्तक. टांचण्या गळून पडल्यावर मात्र उठून जाऊं नका. त्या कां गळल्या हें विचारा.